सोन्याइतकं जड तांबं

त्या प्रयोगशाळेत तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की मेहुणी. कारण प्रयोगशाळेचे प्रमुख हे तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे नवरे. नोकरी तिने सत्तावीस उमेदवारांतून मिळवली होती आणि मुलाखतीच्या दिवशी भाऊजी मुद्दाम रजेवर गेले होते. पण हे कोणाकोणाला सांगत सुटणार? सांगितलं असतं तरी लोकांनी समजूतदारपणे मान डोलावली असती आणि चहाला गेल्यावर पुन्हा मेहुणीच म्हटलं असतं. मग तिने ठरवून टाकलं, की या लोकांच्या मताला किंमत द्यायची नाही. वर्षभरात ती त्या लोकांनाच किंमत देईनाशी झाली. त्यात पहिला नंबर भाऊजींचा.

काम मात्र एक नंबरचं होतं, हे तीही नाकारत नसे. तळमजल्यावर एका लांबलचक हॉलमध्ये वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरची कपाटं एकाला एक लागून उभी होती. ती कपाटं भरत आणायची, आणि सगळी वीज एका झटक्यात तांब्याच्या एका कड्यात सोडायची. कडं कसलं, बोटात घालायच्या अंगठीएवढं भोक असलेली तांब्याची जाड पट्टी वाकवलेली. त्यातून वीस लाख अँपिअर धावले की भोकात जे चुंबकक्षेत्र उभं राहायचं, ते दवाखान्यातल्या स्कॅनच्या मशीनपेक्षा दीडशेपटीहून मोठं. पण किती वेळ? सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाच-सहा. तेवढ्यात तांबं वितळून, उकळून, बाहेरच्या बाहेर उधळलेलं असे. दर वेळी नवं कडं, दर वेळी कानठळ्या, दर वेळी लोखंडी पेटीच्या तळाशी तांब्याचा चुरा. स्फोट बाहेरच्या बाजूला होई, म्हणून भोकाच्या मध्यात ठेवलेली वस्तू पुष्कळदा शाबूत राही, हे त्यातलं नवल.

तो चुरा भाऊजी गोळा करत. पारदर्शक डब्यांत भरून, वर तारीख आणि सही ठोकून, आल्यागेल्या पाहुण्यांना भेट देत. स्वतःच फोडलेल्या भांड्याच्या खापऱ्या सही करून वाटणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

तिचं काम वरच्या मजल्यावर, संगणकावर. कड्यात वीज शिरली की ती तांब्याच्या कुठल्या थरातून वाहते, तांबं किती तापतं, किती वेगाने फुगतं, आणि फुगता फुगता भोकातलं क्षेत्र कुठवर चढून कोसळतं, याचं सगळं गणित तिने मांडलं होतं. तीन वर्षं त्या गणिताने प्रत्यक्ष मोजमापाशी शेकड्याला दोन-तीनच्या आत हात मिळवला होता. खाली स्फोट व्हायच्या आधी ती वरून आकडा सांगायची आणि तोच आकडा यायचा. याचं कौतुक भाऊजींनी एकदाच केलं होतं, तेही ताईसमोर जेवताना. "हिचं काय, बटण दाबलं की झालं. खाली उभं राहायला छाती लागते." खाली उभं राहायचं म्हणजे काँक्रीटच्या दीड हात जाड भिंतीआड, कानांवर टोप्या घालून. छाती नाही, कान लागत.

आणि मग तो विक्रम झाला. एके दिवशी सकाळी साडेअकराला मोजणीच्या स्कोपच्या पडद्यावर तीनशे नऊ टेस्लाची रेघ उमटली; चुंबकक्षेत्र टेस्लात मोजतात. आधीचं सगळ्यात मोठं मोजमाप दोनशे बावन्न. त्याच कपाटांवर, तेवढ्याच विजेवर, तसंच कडं. भाऊजी पडद्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी फोटो काढून घेतला. दुपारपर्यंत तो फोटो वरच्या कचेऱ्यांत पोचलाही होता.

ती खाली आली. म्हणाली, "सर, मॉडेल दोनशे पंचावन्नच्या वर जात नाहीये."

"मग वर ने."

"तसं नाही. तांबं तोवर थांबतच नाही. तीनशेला पोचायच्या आत ते फुगून बाजूला झालेलं असतं."

"हे बघ," भाऊजी हसून म्हणाले. त्यांचं हे हसू ताईच्या लग्नाच्या अल्बमपासून तिच्या डोक्यात जात होतं. "निसर्ग तुझं गणित वाचून वागत नाही. मोजमाप मोजमाप असतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नकोस."

तीन आठवडे ती झगडली. विजेचे आकडे पुन्हा तपासले. तांब्याचा रोध बदलला, वितळबिंदू हलवला, कड्याची जाडी केसभर इकडेतिकडे केली. काही हलेना. शेवटी वैतागून, जवळजवळ टवाळी म्हणून, तिने तांब्याची घनताच वाढवत नेली. जड वस्तू जागची हलायला वेळ घेते, तेवढा वेळ क्षेत्र चढत राहतं. घनता दुपटीच्याही वर गेली आणि पडद्यावर तीनशे नऊ आले.

ती आलेख घेऊन त्यांच्या खोलीत गेली. आज यांना गप्प करायचं, या तयारीने.

"सर, तुमचा आकडा येतो. फक्त तांबं सोन्याइतकं जड धरावं लागतं."

"येतो ना?" भाऊजी खुर्चीत पुढे झाले. "मग तीन आठवडे रडत का होतीस?"

तिला वाटलं, थट्टा चालली आहे. पण ते लिहून घेत होते.

"घनता असं सरळ म्हणायचं नाही. परिणामी घनता म्हणू. प्रचंड दाबाखाली धातू वेगळा वागतो, असं एक वाक्य टाकू. लेखात तुझं नाव दुसरं."

"दुप्पट घनता? सर, हा विज्ञानाचा लेख आहे की किराणा दुकानाचं वजन?"

"विचार कर," ते म्हणाले, आणि फोन उचलला. म्हणजे तू आता जा.

ती जिन्यात होती तेव्हाच ताईचा फोन आला. एवढा वेगवान निरोप्या तिने पाहिला नव्हता.

"अगं, काय ते आलेख का काय, देऊन टाक ना," ताई म्हणाली. ताई शाळेत गणित शिकवायची. मुलांच्या वहीत एक पायरी गाळलेली चालायची नाही तिला. "हे घरी येऊन तोंड पाडून बसतात. मुलं परीक्षेला बसलीयत. मला त्यातलं काही कळून घ्यायचं नाही. तू लहान आहेस, तू जरा नमतं घे."

"ताई, ते खोटं आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ताई म्हणाली, "खोटं म्हणजे फार खोटं?"

तिने आलेख दिला. का दिला, हे तिला पुढे कितीदा तरी स्वतःला विचारावं लागलं, आणि दर वेळी ताईचं नाव पुढे करून ती सुटली. खरं असं, की तिला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला होता, की त्यांच्याशी भांडणंही तिला कमीपणाचं वाटलं. मरा तिकडे, असं मनाशी म्हणून तिने फाइल पाठवली. लेख गेला. छापायला स्वीकारलाही गेला.

भाऊजींना आता विक्रमावर कोणा मोठ्या माणसाने शिक्का मारायला हवा होता. त्यांनी एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. चाळीस वर्षं असलीच कडी फोडण्यात घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. एका कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. तो कान याच धंद्यात गेला, असं त्या अभिमानाने सांगत. हॉलमधल्या लोकांनी पहिल्या तासातच त्यांचं नाव आजीबाई ठेवलं.

भाऊजींनी त्यांना सभागृहात नेलं, तिथे पडदा, माईक, पाण्याच्या बाटल्या. आजीबाईंनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "खाली कधी जायचं?"

खाली त्यांनी कॅपॅसिटरच्या कपाटांकडे पाहिलंही नाही. सरळ कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. तिथे मिस्त्री बसायचे. साठीला टेकलेला माणूस, नाकावर दोन चष्मे एकावर एक, समोर भिंग आणि केसाहून बारीक तांब्याची तार. कड्याच्या भोकात ठेवायचे प्रोब तेच बनवायचे. प्रोब म्हणजे त्या तारेचं इवलंसं वेटोळं; क्षेत्र बदललं की त्यात वीज उठते, आणि त्या विजेवरून टेस्लाचा आकडा निघतो. म्हणजे भाऊजींचा विक्रम, तिची तीन वर्षं आणि वरच्या कचेऱ्यांतले फोटो, सगळं त्या वेटोळ्यावर उभं होतं. तीन वर्षांत ती मिस्त्रींशी 'नमस्कार' आणि 'जरा ती खुर्ची घेऊ का' याखेरीज काही बोलली नव्हती. हातांनी काम करणाऱ्या माणसाला काय विचारायचं असतं, असं तिला कधी स्पष्ट वाटलं नव्हतं. वाटायची गरजच पडली नव्हती.

आजीबाई स्टूल ओढून बसल्या. "कशावर गुंडाळता हो?"

"ड्रिलच्या दांडीवर," मिस्त्री म्हणाले. "गुंडाळायचं, डिंक लावायचा, सुकलं की अलगद सरकवून काढायचं."

"किती मिलिमीटरचं ड्रिल?"

"पूर्वी एकचं होतं. ते मोडलं. आता एक पूर्णांक एक."

आजीबाईंनी मान वर केली. "मोडलं कधी?"

मिस्त्रींनी खणातून वही काढली. तेलकट बोटांच्या ठशांची, पण अक्षर रेखीव. त्यांनी पान उघडून तारीख दाखवली. विक्रमाच्या सहा दिवस आधीची. खाली लिहिलं होतं: नवीन दांडी १.१, साहेबांना सांगितले.

मेहुणी मागे उभी होती. तिला गणित करावं लागलंच नाही; ते आपोआप झालं. वेटोळ्याचा व्यास एक दशांशाने वाढला की क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. प्रोब तेवढी जास्त वीज देतो. जुनाच भागाकार लावला तर दोनशे पंचावन्नचे तीनशे नऊ होतात. तीन आठवडे ती तांब्याशी भांडत होती, आणि उत्तर तिच्या जिन्याखाली, खणात, निळ्या शाईत लिहिलेलं होतं. विचारायला फक्त एक प्रश्न लागत होता, आणि तोही शाळकरी.

"नवीन प्रोब छोट्या क्षेत्रात तपासून घेतले नाहीत का?" आजीबाईंनी भाऊजींकडे पाहून विचारलं. "ज्ञात क्षेत्रात ठेवायचा, किती वीज देतो बघायचं, आणि मगच वापरायचा. प्रत्येक प्रोब. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात."

"तपासतो ना, तपासतो," भाऊजी म्हणाले. "त्या आठवड्यात जरा घाई होती, तर... आणि एक दशांश मिलिमीटरने असा काय फरक—"

"जुना एखादा शिल्लक आहे का?" आजीबाई आता त्यांच्याशी बोलतच नव्हत्या.

मिस्त्रींकडे दोन होते. फेकायला जीव होत नाही, म्हणाले. आजीबाईंनी जुना आणि नवा, दोन्ही प्रोब एकाच कड्याच्या भोकात शेजारी शेजारी बसवायला सांगितले. भाऊजींनी वेळ नाही म्हटलं, जेवण थांबलंय म्हटलं, कपाटं तापलीयत म्हटलं. कपाटं सकाळपासून बंद होती. शेवटी सगळे भिंतीआड गेले, कानांवर टोप्या चढल्या, आजीबाईंनी एकाच कानावर घातली, आणि धडाका झाला.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एकच डोंगर, दोन उंच्या. नव्याचे तीनशे सहा, जुन्याचे दोनशे त्रेपन्न.

हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. मग भाऊजी बोलले, आणि त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता.

"मला सुरुवातीपासून शंका होतीच," ते म्हणाले. "पण आमच्या गणिताच्या विभागाने तीनशे नऊला दुजोरा दिला. मॅडमनी तसा आलेखच दिला. साहजिकच मी विश्वास ठेवला. घरचं माणूस."

तिच्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या. तिला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तिला तो माणूस एकदम स्पष्ट दिसला, भिंगाखाली दिसावा तसा: कॉलरला नीट इस्त्री केलेला, टाळूवर घाम आलेला, आणि आता मेहुणीच्या पदराआड लपलेला. याला आपण तीन वर्षं तुच्छ मानत आलो आणि तरी याच्या सांगण्यावरून तांबं सोन्याइतकं जड केलं. मग आपली किंमत काय?

"घनता मी वाढवली," ती म्हणाली. "सरांचा आकडा यावा म्हणून वाढवली. त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की तांबं सोन्याइतकं जड धरावं लागतंय. त्यांनी त्याला परिणामी घनता हे नाव दिलं. माझी चूक झाली असं म्हणू नका. चूक नव्हती ती. खोटं होतं, आणि ते मला माहीत होतं."

"तू शुद्धीवर आहेस का?" भाऊजी हळू आवाजात म्हणाले. सर-मॅडम सगळं गळून पडलं होतं. "तुझ्या ताईला मी काय सांगू?"

"ताईला क्षेत्रफळ शिकवता येतं. तिला कळेल."

आजीबाई उठल्या. त्यांनी तिची पाठ थोपटली नाही की काही कौतुक केलं नाही. "खोटं कळूनसुद्धा लेखाला नाव दिलंत," त्या म्हणाल्या. "ह्या साहेबांना कळलं तरी नव्हतं." आणि मिस्त्रींना नमस्कार करून त्या गेल्या. भाऊजींनी भेट दिलेला सहीचा डबा टेबलावरच राहिला.

त्याच दुपारी तिने मासिकाला पत्र लिहून लेख मागे घ्यायला लावला. भाऊजी काही पडले नाहीत. अशी माणसं पडत नसतात. फार तर खुर्ची जरा भिंतीकडे सरकवून बसतात. महिन्याभरात ते मोजमापाची शिस्त या विषयावर व्याख्यानं देऊ लागले, आणि म्हणे बरी देत. रविवारी ताईकडे ती गेली तेव्हा ताईने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं, आणि भाऊजी आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत.

"एकवीस टक्के," ताई म्हणाली. "मी मुलांना हेच गणित घालते. बाजू दहा टक्क्यांनी वाढली तर क्षेत्रफळ किती. निम्मी मुलं दहा लिहितात." मग तिने टेबल पुसायला घेतलं. "मी तुला फोन करायला नको होता."

"मी आलेख द्यायला नको होता."

"जेवून जा," ताई म्हणाली. दोघी जेवल्या. बंद दाराकडे एकीनेही पाहिलं नाही.

नवा लेख तिने स्वतः लिहिला. त्यात विक्रम नव्हता. दोनशे त्रेपन्न टेस्ला, गणिताने दोनशे पंचावन्न, तांब्याची घनता तांब्याची, आणि प्रोब कसा तपासावा याची चार पानं. ती चार पानं मिस्त्रींच्या वहीतून आली होती. प्रमुख म्हणून भाऊजींचं नाव घालणं भाग होतं. तसा तिथला नियम. पण मिस्त्रींचं नाव घालायचंच, यावर ती अडून बसली. भाऊजींनी "आता फिटरची नावं छापायची का?" असं चिठ्ठीवर लिहून पाठवलं. तिने उत्तर दिलं, नाहीतर माझं मॉडेल मिळणार नाही. चार दिवसांनी चिठ्ठीवर नुसती सही आली.

ती जिना उतरून मिस्त्रींच्या टेबलाशी गेली. मोठं काहीतरी द्यायला चाललो आहोत, अशी थोडी घाई तिच्या पावलांत होती.

"मिस्त्री, लेखात तुमचं नाव घातलंय. तिसरं."

त्यांनी वरचा चष्मा कपाळावर चढवला. "काढा."

"अहो, पण काम तुमचं आहे."

"काम माझं आहे हे मला ठाऊक आहे." त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "साहेबांच्या नावाखाली माझं नाव? माझी मुलगी परिचारिका आहे. कोणाच्या हातून चूक झाली तर नाव घेऊन सांगते. तिला मी हा कागद दाखवू?"

"मग निदान माझ्यासाठी—"

"तुमच्यासाठी का?" ते शांतपणे म्हणाले. "साहेब दांडीचं ऐकून विसरले. ते तसेच आहेत. पण तुम्ही तीन आठवडे रोज या टेबलावरून जात होतात, तोंड एवढंसं करून. मला वाटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. एवढ्या शिकलेल्या बाईला मी काय आपणहून सांगू? म्हणाल, हा कोण. मग मीही म्हटलं, जाऊ दे. यांची योग्यता तेवढीच."

भाऊजींच्या नजरेत तिने कायम जी कीव पाहिली होती, ती तिला कधी लागली नव्हती, कारण ती कीव करणाऱ्याचीच तिला कीव यायची. हे वेगळं होतं. या माणसाने तिला तोललं होतं, आणि त्याचा तराजू बरोबर होता.

तिने नाव काढलं. पण वर गेली नाही. शेजारचं स्टूल ओढून बसली.

"कसं गुंडाळतात, दाखवाल का?"

मिस्त्रींनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग तारेचं रीळ तिच्यापुढे सरकवलं आणि ड्रिलची दांडी हातात दिली. तार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा वेटोळं झालं, डिंक सुकला, तिने ते श्वास रोखून सरकवून काढलं. मिस्त्रींनी ते भिंगाखाली धरलं, एकदा फिरवलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने तार तोडली आणि नवं टोक दांडीला लावलं.